मामांचा जुना लॅपटॉप, लिनक्स आणि ती सगळी भानगड सोप्या भाषेत

दिवाळीत साताऱ्याला मामांकडे गेले होते, तर फराळाची ताटली हातात यायच्या आधी लॅपटॉप समोर आला. मामा झेडपीच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून रिटायर झालेत, आता ज्येष्ठ नागरिक संघाचे सेक्रेटरी आहेत, आणि कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मामांचं म्हणणं साधं होतं, "अगं, चालतोय की व्यवस्थित, मग संपलं काय?"

बरोबर आहे त्यांचं. संपलं म्हणजे मशीन बंद पडत नाही, फक्त उद्या सिस्टिममध्ये एखादं भोक सापडलं तर ते बुजवणारा पॅच येणं थांबतं. घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ आहे, पण शेवटी ती मुदतवाढच. विंडोज ११ वर जायचं तर त्याच्या अटी आहेत, टीपीएम २.० नावाची सिक्युरिटीची सोय मशीनमध्ये पाहिजे आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. मामांचा लॅपटॉप २०१७ चा, सातव्या पिढीचा आय थ्री. एका पिढीने हुकला, दहावीला ३४ मार्क पडावेत तसं. आणि असे हुकलेले मामा एकटे नाहीत, कॅनालिस नावाच्या बाजाराचा अभ्यास करणाऱ्या कंपनीने २०२३ च्या शेवटी अंदाज दिला होता की या कारणाने जगभरात २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात. चालू स्थितीतले बरं का.

मी त्यावर लिनक्स टाकून दिलं. तेव्हापासून घरच्या ग्रुपवर चौघांनी विचारलं की ते लिनक्स काय असतं, आम्हालाही टाकून दे, आणि प्रत्येकाला वेगळा व्हॉइस मेसेज करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

आधी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय ते. एसटी स्टँडवर एक कंट्रोलरची केबिन असते ना, कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागणार, कोण आधी सुटणार, कुणी मागे थांबायचं, हे सगळं तो माणूस तिथे बसून बघतो. कॉम्प्युटरमध्ये गाड्या म्हणजे तुमचे प्रोग्रॅम आणि फलाट म्हणजे मेमरी, प्रोसेसरचा वेळ, डिस्क, प्रिंटर वगैरे. दोन गाड्या एकाच फलाटाला घुसू नयेत हे बघणारा जो कंट्रोलर, त्याला कर्नल म्हणतात. लिनक्स हे खरं तर फक्त त्या कर्नलचं नाव. आता गंमत बघा, स्टँडवर आलेला माणूस कंट्रोलरला भेटायला आलेला नसतो, त्याला गाडी पाहिजे असते. कऱ्हाडची गाडी लागली की तो चढतो, केबिनमध्ये कोण बसलंय त्याला काय करायचंय. हे लक्षात ठेवा, कारण लिनक्स डेस्कटॉपवर, म्हणजे घरच्या-ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, तीस वर्षं का रखडलं याचं उत्तर माझ्या मते इथेच आहे.

हा कर्नल लिहायला घेतला लिनस टोरवाल्ड्सने, फिनलंडमध्ये हेलसिंकीला शिकत होता, २१ वर्षांचा होता. ऑगस्ट १९९१ मध्ये त्याने इंटरनेटवरच्या एका ग्रुपमध्ये लिहिलं की मी एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, नुसता छंद आहे, ग्नूसारखं मोठं आणि प्रोफेशनल काही होणार नाही. तो ज्या ग्नूचं नाव घेत होता तो प्रोजेक्ट रिचर्ड स्टॉलमनने १९८३ मध्ये जाहीर केला होता, आणि त्याच्या मागे चक्क प्रिंटरची कटकट होती. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या लॅबमध्ये प्रिंटरमध्ये कागद अडकला की थांबलेल्या लोकांना मेसेज जाईल असा बदल त्याने जुन्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये केला होता, मग नवा प्रिंटर आला, कागद त्याच्यातही अडकायचा, पण त्याचा सोर्स कोड कुणी देईना. सोर्स कोड म्हणजे प्रोग्रॅम ज्या भाषेत माणसाने लिहिला तो मूळ मजकूर. तो हातात नसला की वस्तू तुमची असून दुरुस्तीचा हक्क तुमचा नाही. स्टॉलमनने ठरवलं की असं चालणार नाही, आणि एक लायसन्स लिहिलं: कोड घ्या, वाचा, बदला, वाटा, पण बदललेलं दुसऱ्याला दिलंत तर त्याचाही कोड द्यायचा. टोरवाल्ड्सने १९९२ मध्ये लिनक्स याच लायसन्सखाली आणलं. इंग्रजीत 'फ्री' या एका शब्दाने याचा इतका घोळ झालाय की विचारू नका, आपल्याकडे फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं, तेवढी आपली मराठी शहाणी आहे.

मग लिनक्सबरोबर ऐकू येणारी मिंट, उबुंटू, फेडोरा, डेबियन ही नावं कुठून आली? नुसता कंट्रोलर असून स्टँड होत नाही, गाड्या, चौकशी खिडकी, बोर्ड, कॅन्टीन सगळं लागतं. तर कर्नल घ्यायचा, त्यावर ग्नूची टूल्स, वर दिसायला एक डेस्कटॉप, ब्राउझर, ऑफिस, आणि सगळं एकत्र कुटून डबा भरून द्यायचा, त्याला डिस्ट्रो म्हणतात. गोड्या मसाल्यासारखं आहे ते. धणे, खोबरं, तीळ, दगडफूल सगळ्यांकडे तेच, पण काकूंच्या मसाल्याचा वास वेगळा आणि आत्याच्या वेगळा, आणि दोघींनाही वाटतं दुसरीचा जरा बिघडलाय. लिनक्सवाल्यांची भांडणं साधारण याच पातळीवरची असतात, नवीन माणसाने त्यात पडू नये. नवीन असाल तर मिंट घ्या आणि विषय संपवा.

आता लोकांना वाटतं लिनक्स म्हणजे कुठल्यातरी कोपऱ्यातली हौशी गोष्ट, तर तसं अजिबात नाही. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन लिनक्स कर्नलवर चालतो. जगातले सगळ्यात वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटर घ्या, नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतले सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. वेबसाइट, बँकांचे सर्व्हर, घरातला वायफायचा राउटर, बहुतेक ठिकाणी हाच. कर्नल लिहिणारे लोकही आता बहुतेक पगारी आहेत, इंटेल, गुगल, रेड हॅट अशा कंपन्या त्यांना पैसे देतात कारण त्यांचा स्वतःचा धंदा त्यावर चालतो. 'फुकट आहे म्हणजे काहीतरी गडबड असणार' म्हणणाऱ्यांसाठी, आयबीएमने हीच फुकटची वस्तू सांभाळणारी रेड हॅट कंपनी २०१९ मध्ये ३४०० कोटी डॉलर मोजून घेतली. मिंटचं मात्र वेगळं, ती छोटी टीम आहे आणि देणग्यांवर चालते.

मग सगळीकडे घुसलेलं हे प्रकरण टेबलावरच्या कॉम्प्युटरवरच का अडलं? फोनवर, सर्व्हरवर ते कुणीतरी आधीच टाकून ठेवलेलं असतं. डेस्कटॉपवर तुम्हाला स्वतः उठून बदलावं लागतं आणि शंभरातले पंच्याण्णव लोक मशीनबरोबर जे आलं ते शेवटपर्यंत वापरतात. आपल्याकडे तर अजून मजा. पंधरा वर्षांपूर्वी स्वस्तातले लॅपटॉप उबुंटू किंवा नुसत्या डॉसवर यायचे, किंमत कमी ठेवायला, आणि दुकानातला पोरगा तिथल्या तिथे विचारायचा, "विंडोज टाकून देऊ का?" दोन-तीनशे रुपयांत किंवा गिऱ्हाईक चांगलं असेल तर तसंच, विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, सगळं एका पेनड्राइव्हमधून. त्यामुळे भारतात लिनक्सची खरी स्पर्धा विंडोजशी कधी नव्हतीच, फुकटच्या विंडोजशी होती. युरोपातल्या ऑफिसला लिनक्स टाकून लायसन्सचे पैसे वाचतात, आपल्या काकांचे काय वाचणार, त्यांनी भरलेच नव्हते. शिवाय एमएससीआयटी. २००१ पासून महाराष्ट्रातल्या कितीतरी लोकांचा कॉम्प्युटरशी पहिला संबंध त्या कोर्समधून आला, सरकारी नोकरीला ते सर्टिफिकेट लागतं म्हणून मामांनीही केला, आणि त्यात कॉम्प्युटर शिकणं म्हणजे विंडोज आणि ऑफिसच शिकणं. कोर्सने लोकांना माउस धरायला शिकवलं हे मोठं काम आहे, मी नावं ठेवत नाही, पण हाताला वळण लागलं ते लागलं.

केरळने नेमकं तिथेच उलटं केलं. २००१ च्या सुमाराला त्यांचा शाळांचा आयटी प्रोजेक्ट सुरू झाला, सुरुवातीला विंडोजच होतं, मग शिक्षक आणि मुक्त सॉफ्टवेअरवाली मंडळी मागे लागली आणि काही वर्षांत सरकारी शाळा लिनक्सवर आल्या. आता हे काम काइट नावाची सरकारी संस्था बघते, उबुंटूवर आधारलेली त्यांची स्वतःची डिस्ट्रो आहे, आणि यातून सरकारचे ३००० कोटी वाचले असा त्यांचाच दावा आहे. पैशापेक्षा मला दुसरं महत्त्वाचं वाटतं, तिथल्या पोराला आठवीत 'लिनक्स अवघड असतं का' हा प्रश्नच पडत नाही, कारण त्याने आधी दुसरं काही बघितलेलं नसतं. आपला सी-डॅक, म्हणजे सरकारची संगणक संशोधन संस्था, पुण्यातच, त्यांनी २००७ मध्ये बॉस नावाची भारतीय भाषांसकट डिस्ट्रो काढली, पण ती आपल्याच राज्यात किती जणांनी बघितली असेल देव जाणे. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये इंटरनेटला जोडलेल्या मशीनवर उबुंटूवर आधारलेली माया नावाची सिस्टिम टाकायला घेतली त्याची मात्र बातमी झाली, नाव चांगलं होतं म्हणून असेल.

युरोपातल्या दोन गोष्टी सांगते, दोन्ही ऑफिसवाल्यांसाठी आहेत. पहिली जर्मनीतलं म्युनिक शहर. २००३ मध्ये महापालिकेने ठरवलं की आपण लिनक्सवर जायचं, एवढी खळबळ झाली की मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर सुट्टीत स्कीइंगला गेलेले, ते सोडून महापौरांना भेटायला आले. महापालिका ऐकली नाही, २०१३ पर्यंत साधारण १५ हजार मशीन बदलून झाल्या, आणि २०१७ मध्ये नवीन सत्तेने परत विंडोजवर जायचं ठरवलं. का, यावर अजून भांडणं चालू आहेत, राजकारण होतं म्हणणारे आहेत आणि बाहेरच्या ऑफिसांकडून आलेल्या फाइली नीट उघडत नव्हत्या म्हणणारेही आहेत, दोन्ही थोडं थोडं खरं असावं.

दुसरी फ्रान्सची जाँदार्मरी, म्हणजे गावाकडची पोलीस समजा. यांनी वाजतगाजत काही केलं नाही. २००५ च्या आसपास विंडोज तसंच ठेवून आधी फक्त मायक्रोसॉफ्ट ऑफिस बदललं, त्याच्या जागी ओपनऑफिस नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आणलं. मग ब्राउझर फायरफॉक्स, मेलला थंडरबर्ड. लोकांची दोन-तीन वर्षं त्यातच गेली, कुरकुर करून झाली, सवय झाली. आणि २००८ पासून खालची सिस्टिम बदलून उबुंटू टाकायला घेतलं. शिपायाला सकाळी तोच फायरफॉक्स, तोच थंडरबर्ड, त्याच जागेवर. गाडी तीच, केबिनमधला माणूस बदलला. २०२४ मध्ये त्यांच्या एक लाखाच्या वर मशीन, जवळजवळ सगळ्याच, लिनक्सवर होत्या. जर्मनीतलंच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्य आता ३० हजार सरकारी मशीनचं असंच करतंय, २०२४ मध्ये आधी लिबरऑफिस (ओपनऑफिसचंच भावंड) आणायचं ठरवलं, २०२५ मध्ये ईमेल हलवून झालं, विंडोज शेवटी.

मला या सगळ्या विषयात सांगायचंय ते एवढंच आहे खरं. माणूस विंडोजला अडकलेला नसतो, तो त्याच्या चार प्रोग्रॅमना अडकलेला असतो. गेल्या दहा वर्षांत जे झालं ते म्हणजे त्या चारातले तीन ब्राउझरमध्ये गेले. मेल, बँक, यूट्यूब, रेल्वेचं तिकीट, लाइट बिल, व्हॉट्सअ‍ॅप वेब, मुलांचे ऑनलाइन क्लास. लिनक्सवाल्यांनी कुणाला पटवून दिलं वगैरे काही नाही हो, वीस वर्षं दरवर्षी 'यंदा लिनक्स डेस्कटॉपचं वर्ष' म्हणत बसले होते, शेवटी तो एक जोक होऊन गेला. लोकांचं काम सिस्टिममधून उठून ब्राउझरमध्ये गेलं आणि खाली काय आहे याने फरक पडेनासा झाला.

पोरांसाठी गेम हे एक मोठं कुलूप होतं, ते बऱ्यापैकी उघडलं. विंडोजसाठी लिहिलेला गेम विंडोजला विंडोजच्या भाषेत हाका मारतो, ही फाइल दे, हे चित्र काढ. वाइन नावाचा प्रोजेक्ट १९९३ पासून या हाकांचं लिनक्सच्या भाषेत भाषांतर करतोय, मध्ये बसलेला दुभाषा. स्टीम नावाचं गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वॉल्व्ह कंपनीने त्यावर पैसे आणि माणसं लावून २०१८ मध्ये प्रोटॉन काढलं, आणि २०२२ मध्ये स्टीम डेक नावाचा हातात धरायचा गेमिंग कॉम्प्युटर आणला जो लिनक्सवरच चालतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टीमच्या स्वतःच्या सर्वेत लिनक्सवाले पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या वर गेले. पण घरात व्हॅलोरंट किंवा फोर्टनाइट खेळणारा असेल तर त्याच्या मशीनला हात लावू नका. त्यांचं चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालू देत नाही आणि शिव्या तुम्हाला बसतील.

ब्राउझर झाला, गेम झाले, आता लिनक्सकडे वळायचं तिसरं कारण, ते जरा वरच्या पातळीवरचं. जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जी, म्हणजे गुजरातेत वाडिनारला रिफायनरी आहे ती, त्यांची मायक्रोसॉफ्टची ईमेल वगैरे सेवा अचानक थांबली, कारण युरोपियन युनियनने रशियन मालकीवरून नायरावर निर्बंध लावले होते. कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली, मग सेवा परत सुरू झाली. आता हे क्लाउडचं, म्हणजे कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर चालणाऱ्या सेवेचं प्रकरण आहे, लॅपटॉपमधल्या सिस्टिमचं नाही, लिनक्स असतं तरी मेल बंदच पडला असता हे मी आधीच कबूल करते. पण किल्ली दुसऱ्या देशातल्या कुणाच्यातरी खिशात आहे हे अशा वेळी सगळ्यांना एकदम दिसतं, आणि सरकारं असल्या गोष्टी विसरत नाहीत.

आकडे विचाराल तर जपून ऐका. स्टॅटकाउंटरच्या मोजणीत २०२४ च्या मध्यावर भारतात डेस्कटॉपवर लिनक्सचा वाटा १५ टक्क्यांच्या वर दिसला होता, आणि जून २०२५ मध्ये अमेरिकेत ५ टक्के ओलांडले. हे लोक माणसं मोजत नाहीत, ठरावीक वेबसाइटवर आलेल्या भेटी मोजतात, आणि ब्राउझर स्वतःबद्दल जे सांगेल ते धरतात. भारताच्या १५ टक्क्यांवर माझा काही विश्वास नाही, मी ज्या शंभर घरांत जाते त्यातल्या पंधरा घरांत लिनक्स मला तरी दिसलेलं नाही, तुम्हाला दिसलं असेल तर सांगा. झोरिन नावाच्या डिस्ट्रोने आपली नवी आवृत्ती मुद्दाम १४ ऑक्टोबर २०२५ लाच काढली आणि महिनाभरात १० लाख डाउनलोड झाल्याचं सांगितलं, त्यातले तीन चतुर्थांशाहून जास्त विंडोजवरून. डाउनलोड म्हणजे इन्स्टॉल नव्हे, माझ्याच हार्ड डिस्कवर सहा आयएसओ (अख्खी डिस्ट्रो ज्या एका फाइलमध्ये येते ती) पडून आहेत. तरी दिशा एकच दिसते एवढं नक्की.

बरं, मामांचा लॅपटॉप. आधी मी त्यांना काय काय लागतं ते कागदावर लिहून घेतलं: कीर्तनं यूट्यूबवर, ई-पेपर, संघाची वर्गणीची एक्सेल शीट, मराठीत पत्रं, प्रिंट. टॅली नाही, डिजिटल सहीचा टोकन (सरकारी पोर्टलवर सही करायला लावायचा, पेनड्राइव्हसारखा) नाही. ही दोन असती तर मी तिथेच थांबले असते, टॅली मुळात विंडोजचं, आणि सहीच्या टोकनांचं प्रत्येक पोर्टलवर वेगळं नाटक. सीएकडे किंवा दुकानात असलेल्या मशीनवर उत्साहाच्या भरात लिनक्स टाकून देऊ नये, रिटर्नच्या शेवटच्या तारखेला तुमचा फोन वाजेल.

मिंटची आयएसओ फाइल साधारण तीन जीबीची, ती रुफस नावाच्या छोट्या टूलने पेनड्राइव्हवर लिहिली. कॉपी-पेस्ट करून चालत नाही, टूलनेच लिहावी लागते. पेनड्राइव्ह लावून मशीन चालू करताना एफ १२ दाबलं (काही मशीनला एफ ९ किंवा एस्केप असतं), पेनड्राइव्ह निवडला, आणि मिनिटभरात अख्खी सिस्टिम पेनड्राइव्हवरूनच चालू. हे लोकांना माहीतच नसतं, आतल्या डिस्कला बोटही न लावता सगळं वापरून बघता येतं. वायफाय लागलं, आवाज आला, कॅमेऱ्यात मामांचं कपाळ दिसलं. तेवढं झाल्यावरच पुढे.

जुनी हार्ड डिस्क मी पुसली नाही, काढून कपाटात ठेवली, मुंजीचे फोटो आहेत त्यात, आणि नवीन एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा खूप वेगवान डिस्क) टाकून त्यावर मिंट इन्स्टॉल केलं. पंधरा-वीस मिनिटांचं काम. लॅपटॉप आता चटकन चालू होतो, मामा सगळ्यांना सांगत सुटलेत की लिनक्सने जादू केली, त्यातलं अर्धं श्रेय एसएसडीचं आहे पण मी काही बोलले नाही. मिंट ४ जीबी रॅमवर आरामात चालतं, २ वर ओढतं पण चालतं.

वर्गणीची शीट लिबरऑफिसमध्ये जशीच्या तशी उघडली. तुमच्या शीटमध्ये मॅक्रो (शीटच्या आत लिहिलेले छोटे प्रोग्रॅम) असतील तर असं गृहीत धरू नका.

घोळ झाला तो पत्रांचा. संघाची २०१२ पासूनची पत्रं उघडली तर सगळी गिचमिड, इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं. मामा म्हणाले, "व्हायरस." व्हायरस नव्हता. युनिकोड, म्हणजे प्रत्येक भाषेच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर देणारी पद्धत, रुळायच्या आधी डीटीपीवाल्यांचे जे मराठी फॉन्ट होते त्यांत एक लबाडी असायची, फाइलमध्ये साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर, फक्त फॉन्ट त्याच्या जागी 'क'चं चित्र दाखवतो. फॉन्ट नसला की मुखवटा उतरतो आणि खालचं इंग्रजी दिसतं. जुन्या डिस्कमधून त्या फॉन्टची फाइल आणून लिनक्सवर इन्स्टॉल केली की पत्रं पुन्हा मराठीत दिसायला लागली. पण त्या फॉन्टमध्ये नवीन टाइप करायचं तर त्याचं कीबोर्डचं सॉफ्टवेअर विंडोजचंच. मग जुनी पत्रं वाचायला ठेवली आणि नवीन सगळं युनिकोडमध्ये. हे लिनक्सचं दुखणं वाटतं पण नाही, विंडोजच्या नव्या मशीनवरही तो फॉन्ट नसेल तर हेच होतं. महाराष्ट्रातल्या छापखान्यांचं आणि जुन्या सरकारी फाइलींचं अर्धं मराठी असंच मुखवट्यात अडकलेलं आहे, आणि तिथला माणूस सिस्टिम बदलत नाही त्याला हेही एक कारण आहे.

युनिकोड मराठी लिनक्सवर आता छान चालतं. याचं बरंचसं श्रेय पुण्याकडे जातं, रेड हॅटच्या तिथल्या ऑफिसात लोहित फॉन्टवर आणि मराठी भाषांतरावर वर्षानुवर्षं काम झालं. 'दर्या' आणि 'दऱ्या' यातला र वेगवेगळा दिसला पाहिजे, ही गोष्ट मशीनला शिकवायला कुणीतरी मराठी माणूसच बसावा लागतो. मेन्यूसुद्धा मराठीत करता येतात, पण मी मामांना ते दाखवलं तर 'धारिका' वाचून ते थांबले. "धारिका म्हणजे?" फाइल. "मग फाइल म्हण ना." जन्मभर मराठी शिकवलेला माणूस हा. मेन्यू परत इंग्रजीत केले.

प्रिंटरने दीड तास खाल्ला. नवीन वायफायवाले बहुतेक प्रिंटर आता ड्रायव्हरशिवाय (प्रिंटरचं वेगळं सॉफ्टवेअर न टाकता) आपोआप दिसतात, मामांचा जुना लेझर होता, त्या जातीच्या प्रिंटरांना स्वतःची अक्कल नसते, चालू केला की दरवेळी कॉम्प्युटरकडून सॉफ्टवेअर भरवावं लागतं. शेवटी निघाली प्रिंट. प्रिंटरच्या कटकटीतून सुरू झालेल्या चळवळीत अजून प्रिंटरचीच कटकट आहे.

व्हायरसचं आमच्या ग्रुपवर दोघांनी विचारलंय. सॉफ्टवेअर इथे प्ले स्टोअरसारखं एका ठिकाणाहून येतं, वाटेल त्या साइटवरून सेटअप उतरवायची वेळ क्वचित येते, त्यामुळे घरगुती धोका बराच कमी. पण 'कोड सगळ्यांना दिसतो म्हणून सेफ' हे वाक्य मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्याशा टूलमध्ये चोरदरवाजा सापडला, कुणीतरी दोन वर्षांच्या वर मदतनीस बनून, ते टूल सांभाळणाऱ्या दमलेल्या मूळ माणसाचा विश्वास मिळवून तो आत घातला होता. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला सर्व्हरवर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं आणि तो खोदत गेला म्हणून सापडला. कोड उघडा होता म्हणून तो खोदू शकला हे खरं, आणि त्या दिवशी त्याने 'असेल काहीतरी' म्हणून सोडून दिलं असतं तर काय, हेही खरं. आणि हा माणूस नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये, घ्या.

तर ग्रुपवरच्या चौघांना: आत्ता काही टाकू नका. जाँदार्मरीसारखं करा. आहे त्या विंडोजवर लिबरऑफिस आणि फायरफॉक्स घ्या, दोन महिने फक्त तेच वापरा, जिथे अडेल ते लिहून ठेवा आणि यादी मला पाठवा. यादी छोटी असेल तर मी पेनड्राइव्ह घेऊन येते. दादा, तुझ्या दुकानात टॅली आहे, तू विचारूच नकोस.

मामांचा परवा फोन आला होता. "अगं, त्या विंडोजमध्ये ळ कुठं गेला?"

"मामा, ते विंडोज नाहीये आता."

"बरं, जे काय असेल ते. ज्येष्ठ नागरिक मेळावा लिहितोय, ळ येत नाही."

मराठी इन्स्क्रिप्टच आहे, विंडोजवर होता तोच कीबोर्ड, मीच लावून दिलाय. "शिफ्ट धरून एन दाबा."

"हां. आला."